काढलेलं जॅकेट ठेवायचं कुठे? मोटरसायकलवर किरकोळ सामान बांधायची रीत

स्कूटरवाल्यांचं बरं असतं. डिकी उघडली, जॅकेट कोंबलं, सीट दाबली, विषय संपला. मोटरसायकलला डिकी नसते. साइड पॅनेलच्या आत प्रथमोपचाराची पेटी आणि कागदपत्रांची घडी कशीबशी मावेल एवढी जागा असते, काही गाड्यांना तीही नाही. म्हणून पहिल्यांदा लांबच्या रस्त्याला लागणारा माणूस सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये भरतो आणि वाटेत ऊन चढलं की जॅकेट काढून मागच्या सीटवर कसंतरी अडकवतो. घोळ तिथून सुरू होतो.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचा रस्ता घ्या. डिसेंबरात सकाळी सहाला चांदणी चौक सोडला तर मुळशी धरणाच्या कडेने जाताना दात वाजतात. चहा-नाश्ता करत घाट उतरून माणगावात पोचेपर्यंत तेच जॅकेट अंगाला चिकटायला लागतं. आता हे ठेवायचं कुठे, हा प्रश्न निघायच्या आधी सुटलेला असला पाहिजे. अंगावर असेपर्यंत जॅकेट तुम्हाला सांभाळतं. काढलं की ते दोन लांब बाह्यांचं, वाऱ्यात फुगणारं, दोनेक किलोचं सामान होतं आणि मग तुम्हाला त्याला सांभाळावं लागतं. जे लोंबतं ते चाकात जातं, ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं.

पहिली पायरी : काढायची खरंच गरज आहे का?

रायडिंग जॅकेटच्या खांद्यात, कोपरात आणि पाठीत जी संरक्षक पॅडं असतात, ती मागच्या सीटवर बांधून काही उपयोग नाही. दुपारी रस्ता तेवढाच टणक असतो. त्यामुळे आधी आतलं थंडीचं अस्तर काढा. ते चेनने किंवा बटणांनी लावलेलं असतं, घडी केली की टॉवेलएवढं होतं. मग छातीवरच्या, दंडावरच्या आणि पाठीवरच्या हवेच्या चेनी उघडा. पाठीवरची विसरू नका. हवा आत शिरली तरी तिला बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर जॅकेट नुसतं फुगतं.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात आणखी एक उपाय चांगला चालतो. आतला टी-शर्ट पाण्यात भिजवून, पिळून घाला आणि वरून जाळीचं जॅकेट चढवा. पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माणगाव-महाडच्या दमट हवेत मात्र त्याचा फारसा गुण येत नाही, कारण तिथे पाणी उडतच नाही, नुसतं ओलं राहायला होतं.

शहरात पोचलात, जेवायला थांबलात, किंवा अंगात घातलेलं साधं थंडीचं जॅकेट आहे, तर ते काढावं लागणारच. पुढचं त्यासाठी.

दुसरी पायरी : तीन जागा, ज्या वापरायच्या नाहीत

कमरेला बाह्या बांधून जॅकेट मागे सोडणं ही कॉलेजातली सवय. चालताना छान दिसतं. गाडीवर ती गाठ वाऱ्याने सैल होते आणि सुटली की जॅकेट थेट मागच्या चाकाच्या दिशेने जातं. पन्नासच्या वेगाला साध्या गाडीचं मागचं चाक सेकंदाला साधारण सात वेळा फिरतं. एक बाही त्यात अडकली की ब्रेक दाबायचा विचार मनात येईपर्यंत चाक जाम झालेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे हँडल. भाजीची पिशवी कोपऱ्यावरच्या मंडईतून आणायला ठीक, तेही मला पटत नाही. हँडलला अडकवलेलं वजन वळताना झोके घेतं, क्लच आणि ब्रेकच्या केबलींना ओढतं, आणि पिशवी मोठी असली तर पुढच्या चाकाला घासते.

तिसरी जागा मांडी आणि टाकी यांच्यामध्ये. ‘पुढेच धाबा आहे, तोवर राहील’ म्हणून जॅकेट पोटाशी धरलेले कितीतरी जण दिसतात. ते घसरलं की एक बाही इंजिनवर उतरते. पॉलिस्टरचं कापड तापलेल्या लोखंडावर जळत नाही, वितळतं, आणि सायलेंसरवर बसलेला तो काळा डाग मग वर्षानुवर्षं दिसतो. जॅकेटचं जे व्हायचं ते वेगळंच.

तिसरी पायरी : घडी

सगळी बांधाबांध घडीवर अवलंबून आहे, तरी लोक इथेच घाई करतात. आधी सगळे खिसे रिकामे करा. मग समोरची चेन गळ्यापर्यंत लावा, मनगटाची आणि कमरेची वेल्क्रो बंद करा. उघडी वेल्क्रो दुसऱ्या कापडाचा फडशा पाडते. जॅकेट सीटवर पालथं टाका. दोन्ही बाह्या पाठीवर आडव्या आणा, एकीवर दुसरी. कोपरातली पॅडं साधारण पाठीच्या मध्यावर येतील. आता दोन्ही बाजू आत दुमडा आणि खालच्या घेरापासून कॉलरच्या दिशेने घट्ट गुंडाळत जा. प्रत्येक वळशाला गुडघ्याने दाबून हवा काढा. पाठीतलं पॅड जाड आणि कडक असेल तर गुंडाळी होत नाही. अशा वेळी ते पॅड काढून वेगळं ठेवा, किंवा जॅकेटची चौकोनी घडी करून पॅड तळाशी येऊ द्या.

घडी नीट झाली तर बाहेर एकही टोक राहत नाही. कमरेची नाडी, चेनचा लांब टॅग, टोपीचा कोपरा, सगळं आत. मग ही गुंडाळी कशात तरी घाला. दुकानात गुंडाळून बंद करायची वॉटरप्रूफ बॅग मिळते, ती उत्तम. नसेल तर खताचं रिकामं पोतं स्वच्छ धुऊन वापरा. विणलेलं मजबूत असतं, फाटत नाही, आणि तोंड बांधलं की आतली वस्तू बाहेर डोकावत नाही. दिसायला गावठी दिसेल. दिसू दे.

चौथी पायरी : बांधणं

आधी गाडीवर बांधायच्या जागा शोधा. आपल्या देशातल्या गाड्यांना यात एक सोय आयती मिळालेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागे माणूस बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून चाक झाकणारं संरक्षण असावं लागतं. म्हणजे ग्रॅब रेल, मागच्या फूटरेस्टचं ब्रॅकेट आणि साडी गार्ड. सामान बांधायच्या जागा याच. पोरं ‘लूक जातो’ म्हणून साडी गार्ड काढून गॅरेजच्या कोपऱ्यात फेकतात. डाव्या बाजूला सॅडल बॅग, म्हणजे सीटच्या कडेला लोंबणारी पिशवी, टाकायची असेल तर ती टेकायला तोच गार्ड लागतो, म्हणून शोधून परत बसवा.

इंडिकेटर, नंबर प्लेट, मडगार्डचं प्लॅस्टिक आणि मागच्या ब्रेकची नळी यांना काहीही अडकवायचं नाही. सायलेंसर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या बाजूला काही लोंबणार असेल तर तिथे आधी हात धरून किती धग लागते ते बघा.

बांधायला काय घ्यायचं? बाजारात सगळीकडे दिसते ती हुकवाली इलॅस्टिकची दोरी, म्हणजे बंजी. स्वस्त आहे, पटकन लागते, आणि तिच्यावर पूर्ण विसंबणं मला मान्य नाही. तिचा हूक खड्ड्यात उसळून सुटतो. ताणताना हातातून निसटला तर सरळ तोंडावर येतो आणि डोळ्याला गंभीर इजा करतो. बंजी लावायचीच असेल तर हेल्मेट काढायच्या आधी, काच खाली ओढून लावा. लांबचा हूक आधी अडकवा, जवळचा हातात घट्ट धरून ताण द्या, आणि आपलं तोंड दोरीच्या रेषेत येऊ देऊ नका. एकच दोरी आडवी टाकून भागत नाही. दोन घ्या, फुलीसारख्या टाका, चार वेगवेगळ्या जागी अडकवा. हुकाचं तोंड चाकाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवं.

बंजीची जाळी हेल्मेट किंवा हलकी गुंडाळी दाबून धरायला चांगली. मात्र तिच्या भोकांतून पाण्याची बाटली, चष्म्याचं घर असल्या लहान वस्तू निसटतात, म्हणून जाळीखाली फक्त मोठी, एकसंध वस्तू ठेवा. बकलवाले पट्टे थोडे महाग असतात. त्यांचा फासा ग्रॅब रेलमधून ओवता येतो, त्यामुळे हूक सुटायचा प्रश्नच नाही. लांबच्या प्रवासाला पैसे इथे घालवा.

या सगळ्यांपेक्षा मला ट्यूबची पट्टी आवडते. पंक्चरच्या दुकानात सायकलची टाकाऊ ट्यूब मागा, वॉल्वचा भाग कापून टाका, उरलेली लांबट ट्यूब उभी चिरली की दोन पट्ट्या होतात. पहाटे किटल्या घेऊन डेअरीला जाणारे दूधवाले याच पट्ट्यांवर धंदा करतात. एक टोक ग्रॅब रेलला फासाने अडकवायचं, पट्टी जोर लावून ताणायची, सामानावरून घेऊन दुसऱ्या बाजूच्या दांडीला दोन वेढे द्यायचे आणि टोक वेढ्याखाली खोचायचं. गाठ मारायची नाही. रबरावर रबर घसरत नाही, त्यामुळे खोचलेलं टोक सुटत नाही, आणि सोडताना एका झटक्यात निघतं. हूक नाही, म्हणून डोळ्याला धोका नाही. फक्त दर मोसमाला पट्टी ताणून बघा. उन्हाने रबराला बारीक चिरा पडल्या की फेकून द्या, नवी फुकट मिळते.

बांधून झालं की गाठोडं दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे, गाठोडं एकटं हलता कामा नये. उरलेली टोकं गुंडाळून आत खोचा. मग मागे जाऊन उभे राहा : टेललाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट दिसतात का? घट्ट बसलेलं सामानही दिवा झाकत असेल तर खाली उतरवा.

वजनदार वस्तू शक्यतो दोन चाकांच्या मध्ये आणि खाली. मागे टोकाला जड सामान ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, घाटातल्या वळणावर हँडल पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. जॅकेटच्या गुंडाळीने हे होत नाही. तिच्यावर तंबू, बूट आणि पाच लिटरचं पाणी चढवलं की होतं. मग मागच्या टायरमध्ये हवा किती, ते चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेल्या तक्त्यात बघून भरा. दोन माणसांचा आकडा वेगळा दिलेला असतो.

मागे कायमची पेटी बसवायची असेल तर २०२० साली केंद्र सरकारने मापं ठरवून दिली आहेत : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००, याहून मोठी नको. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर आली तर मग दुसरा माणूस बसवता येत नाही.

पाचवी पायरी : किरकोळ वस्तू

फोन, पाकीट, किल्ल्या, चष्मा, औषधं, पॉवर बँक. आकाराने लहान म्हणून यांचा विचार शेवटी होतो आणि शोधाशोध सगळ्यात जास्त यांचीच.

टाकीवरची छोटी बॅग या कामाला सगळ्यात सोयीची, कारण ती नजरेसमोर असते. चुंबकाची घेतली तर आधी घरचा फ्रिजचा मॅग्नेट टाकीवर लावून बघा. टाकीवर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर चुंबक धरत नाही, पट्ट्यांची बॅग लागते. चुंबकाच्या तळाला लोखंडाचे कण चिकटतात आणि रंगावर ओरखडे काढतात, म्हणून दर वेळी फडक्याने पुसा. बॅग लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. बॅग हॉर्नच्या बटणाला किंवा हँडलला टेकत असेल तर ती तुमच्या गाडीची नाही. आपल्याकडे रेक्झिनचं खिसेवालं टाकी कव्हरही मिळतं. खिसा कामाचा आहे, पण पावसाळ्यात कव्हरखाली पाणी साचून टाकीला गंज धरतो. जूनमध्ये काढून ठेवा.

फोन नकाशासाठी हँडलवर लावत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला बिघडवू शकते. थरथर शोषणारा माउंट घ्या, नाहीतर रस्ता पाठ करून फोन छातीच्या आतल्या खिशात ठेवा. पँटच्या मागच्या खिशात फोन कधीच नको, बसल्या बसल्या तो वर सरकत राहतो.

जॅकेटच्या खिशात मऊ आणि चपट्या वस्तू ठेवा. पाना, पेनचाकू, किल्ल्यांचा जुडगा बरगडीवर किंवा कमरेवर असताना पडलात तर रस्त्याआधी तोच लागतो. घरच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीला लटकवू नका. जड जुडगा हलत राहून टाकीचा रंग खातो आणि कुलूपही झिजवतो.

पाकीट हाताशी असायची फार गरज पडत नाही, कारण राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांवर तर दुचाकीला जाताच येत नाही. पेट्रोल आणि चहा, एवढ्यासाठी शंभर-दोनशेच्या नोटा बाहेरच्या खिशात, बाकी आत. लायसन्स आणि आरसी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी ग्राह्य धरतात. फोनची बॅटरी संपली तर दाखवणार काय, म्हणून मी छापील प्रतही ठेवतो. त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला आणि ते पाकीट अंगावर ठेवा, बॅगेत नको.

सहावी पायरी : पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. ताम्हिणी, माळशेज, आंबोली इथला पाऊस वेगामुळे समोरून आडवा येतो आणि चेनमधून शिरतो. जॅकेटच्या आत लावायचं पावसाळी अस्तर तुम्हाला कोरडं ठेवेल, पण बाहेरचं कापड आणि बाहेरचे खिसे भिजतातच. म्हणून रेनकोट वरून घालायचा घ्या आणि फोन आतल्या खिशात, त्यावर साधी चेनची प्लॅस्टिक पिशवी. कपडे बॅगेत ठेवण्याआधी पिशव्यांत भरा. बॅगेला मिळणारं पावसाळी कव्हर वाऱ्याने फुगून उडतं, ते बांधताना वरूनही एक पट्टी घ्या.

रेनकोट सगळ्यात वर. ऐन सरीत गाडी कडेला घेऊन तळातला रेनकोट शोधायला अख्खी बॅग उपसली की कोरडं म्हणून काही उरत नाही.

सातवी पायरी : मागे माणूस असेल तर

मग सीट तुमची नाही. जॅकेट टाकीवरच्या बॅगेत मावणार नाही, डावीकडच्या सॅडल बॅगेत जाईल किंवा अंगावरच राहील. पाठीवर सॅक असेल तर ती मागे बसणाऱ्याने घ्यावी आणि पट्टे इतके सैल करावेत की सॅकचा तळ सीटवर टेकेल, म्हणजे खांद्यांवर ओझं येत नाही. आणि निघायच्या आधी त्यांच्याकडे एकदा बघा : ओढणी, पदर, स्कार्फचं टोक, सॅकचे लोंबते पट्टे. जॅकेटच्या बाहीला जो नियम, तोच यांना. ‘आई, पदर खोचून घे’ म्हणायला लाजू नका.

निघाल्यावर

दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा. गाठोडं दबून बसतं, पट्ट्या सैल होतात, आणि पहिल्या चहाला त्या पुन्हा आवळल्या की सहसा दिवसभर बघावं लागत नाही. नंतर प्रत्येक थांब्याला उतरताना फक्त हात लावून जा.

घाटात थांबलात तर खायचं उघड्यावर ठेवू नका. वानरांना चेन उघडता येते, आणि बिस्किटाच्या पुड्यासाठी ती बॅगेचं कापडही फाडतात.

गड चढायला किंवा देवळात जायला गाडी सोडून जाताना जॅकेट आणि हेल्मेट एकत्र अडकवा. आकड्यांची कळ असलेलं तारेचं बारीक कुलूप मिळतं. ते जॅकेटच्या एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढा, हेल्मेटच्या हनुवटीच्या भागातून ओवा आणि फ्रेमला किंवा ग्रॅब रेलला लावा. नुसता हेल्मेटचा पट्टा अडकवला तर तो कात्रीने कापता येतो. पायथ्याशी जेवणार असाल तर त्याहून सोपं : खानावळीत जेवणाची ऑर्डर देतानाच ‘मावशी, एवढं आत ठेवू का?’ विचारा. टाकीवरची बॅग मात्र सोबत घ्या, फोन-पाकीट त्यातच आहे, आणि तिचा खांद्याला अडकवायचा पट्टा घरी विसरला नसाल तर ती गडावरही त्रास देत नाही.